मानवी अस्थिसंस्था : प्राथमिक वर्गातील अध्यापन

साधारण सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना शरीरातील हाडे, सांधे आणि त्यांची कामे यांची ओळख करून देणारा विज्ञान-अध्यापनाचा भाग. शरीरातल्या संस्थांपैकी ही संस्था मुलांना लवकर शिकवता येते. हृदय किंवा यकृत दाखवायचे तर चित्र लागते, हाड मात्र कातडीवरून बोटांनी चाचपता येते. गुडघ्याची वाटी, गळ्याखालची आडवी हाडे, बरगड्या, मान वाकवली की मानेच्या तळाशी वर येणारा मणक्याचा उंचवटा अशी सामग्री प्रत्येक मूल स्वतःबरोबरच वर्गात आणते.

या विषयाची खरी अडचण भिंतीवरच्या तक्त्यात आहे. त्यावरचा सांगाडा प्रौढ माणसाचा असतो. त्यात २०६ हाडे असतात आणि हाच आकडा मुलांकडून पाठ करून घेतला जातो. समोर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला मात्र तो लागू पडत नाही. जन्माच्या वेळी हाडांची संख्या, मोजण्याच्या पद्धतीनुसार, सुमारे २७० ते ३०० असते. पुढे त्यांतली अनेक हाडे एकमेकांना जुळतात. कण्याच्या तळाशी असलेले पाच मणके मिळून एक त्रिकास्थी बनते, त्याखालच्या लहान मणक्यांचे माकडहाड होते, आणि कमरेच्या प्रत्येक बाजूची तीन हाडे पौगंडावस्थेत एकत्र येतात. मनगटातली आठही हाडे जन्मतः कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक पदार्थाची असतात, ती एकेक करून कठीण होत जातात आणि त्यांतले शेवटचे, वाटाण्याएवढे हाड साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान तयार होऊ लागते. म्हणजे ‘मनगटात आठ हाडे’ हे वाक्य वहीत उतरवणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या मनगटात कदाचित सातच हाडे धरली असतील. ही गोष्ट सांगितली की वर्गाचे कान टवकारतात. आकडा पाठ करून घेण्यापेक्षा तो का बदलतो हे सांगणे केव्हाही मोलाचे.

तक्त्याचा दुसरा दोष असा, की त्यावरचे हाड मेलेले, कोरडे आणि पांढरेफटक असते. त्यामुळे हाड म्हणजे तंबूच्या खांबासारखी निर्जीव वस्तू, असा समज मुलांच्या मनात घट्ट बसतो. जिवंत हाड ओलसर असते, त्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात, ते झिजते आणि नव्याने भरूनही निघते. लहान मुलांच्या हाडांतली जवळजवळ सगळी मज्जा तांबडी असते आणि तिथे रक्तपेशी तयार होत राहतात. वर्गात कोणाचा हात प्लास्टरमध्ये असेल, तर त्याहून चांगले उदाहरण नाही. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग मऊ सांधणी तयार होते, ती हळूहळू कठीण होते. प्लास्टर हाड जोडत नाही, फक्त हलू देत नाही. जोडणी हाड स्वतःच करते. मुलांचे हाड कित्येकदा ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने नुसते वाकते, हेही याच वेळी सांगता येते. मात्र त्या मुलाला आधी एकट्याला विचारून घ्यावे. सगळ्यांनाच आपल्या दुखण्याचा पाठ झालेला आवडत नाही.

मुलांच्या मनात आधीपासून काय आहे, हे चित्रांवरून चांगले कळते. शरीराची नुसती बाह्यरेषा देऊन ‘आत काय असेल ते काढ’ म्हटले, की पुष्कळ मुले दोन्ही टोकांना गोळे असलेली सुटी हाडे काढतात. ती एकमेकांना कुठेच चिकटलेली नसतात. सू डेल टनिक्लिफ आणि मायकेल राइस या ब्रिटिश संशोधकांनी अशा चित्रांचा अभ्यास केला आहे. मुलांना सुटे अवयव माहीत असतात, पण त्यांची मिळून एक संस्था होते ही कल्पना मागाहून येते, असे त्यांना आढळले. म्हणून नावांआधी जोड शिकवावा. ‘कोपर वाकतो तिथे काय काढशील?’ हा प्रश्न दहा नावांपेक्षा जास्त शिकवतो.

सांधे करून पाहण्याचे असतात. हाताला लांब पट्टी हलकेच बांधून कोपर ताठ केला आणि केस विंचरायला सांगितले, की बिजागरीच्या सांध्याचे काम आपोआप कळते. खांदा आणि कमरेतला उखळीचा सांधा हात-पाय गोल फिरवून पाहता येतो. अंगठा तळहाताला चिकटपट्टीने बांधून सदऱ्याची बटणे लावायला लावली, तर वर्गात हशा पिकतो आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या खोगिरासारख्या सांध्याचे महत्त्वही पटते. सर्वांत सुंदर प्रयोगाला काहीच साहित्य लागत नाही. एका हाताने दुसऱ्या हाताचा पुढचा भाग धरायचा आणि धरलेल्या हाताचा तळवा उलथासुलथा करायचा. एक हाड दुसऱ्यावरून फिरताना मुठीत जाणवते. तक्त्यावर ही दोन हाडे शेजारी शेजारी निमूट उभी असतात, त्यामुळे हे फिरणे तिथे कधीच दिसत नाही.

हाड कशाचे बनते, हे दाखवायला कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवतात. आम्लात खनिज भाग विरघळतो आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते. हाडाच्या कोरड्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटयुक्त खनिजाचा असतो, त्याने कठीणपणा येतो. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन असते, त्याने चिवटपणा येतो. काही शिक्षक हाडाऐवजी अंड्याचे कवच वापरतात. ते सोयीचे आहे, पण कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि विरघळल्यावर नुसता पातळ पापुद्रा राहतो, त्यामुळे चिवटपणाची बाजू त्यातून कळत नाही. लांब हाडे पोकळ का, याचे उत्तर कागदात मिळते. सपाट कागद पुस्तक पेलत नाही, तोच गुंडाळून नळी करून उभा केला तर पेलतो.

नावांबद्दल मतभेद आहेत. ‘मांडीचे हाड’ म्हणावे की ‘ऊर्वस्थी’? सहा-सात वर्षांच्या मुलांना कवटी, कणा, बरगड्या, मांडीचे हाड एवढे पुरे. पारिभाषिक शब्द दहाव्या-अकराव्या वर्षी आले तरी काही बिघडत नाही. लहान मुलांना लांबलचक नावे आवडतात हेही खरे, पण ती तोंडावर खेळवण्यापुरती. कानातल्या तीन हाडांची हातोडा, ऐरण आणि रिकीब ही नावे मात्र लगेच रुळतात, कारण त्यांत आकारच सांगितलेला आहे. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, सुमारे तीन मिलिमीटरचे. मांडीचे हाड सर्वांत लांब, प्रौढात उंचीच्या जवळपास पाव हिश्शाइतके.

काही गैरसमज मोठ्यांकडूनच मुलांपर्यंत येतात. दात हाडे नाहीत, त्यांच्यावरचे कठीण आवरण तुटले तर पुन्हा वाढत नाही. स्त्री-पुरुषांच्या बरगड्यांच्या जोड्या सारख्याच, बारा असतात. कोपर आपटल्यावर येणाऱ्या झिणझिण्या हाडाच्या नसून तिथून जाणाऱ्या चेतेच्या असतात. चुका फक्त मुलेच करतात असेही नाही. प्राचीन वैद्य गेलेन याने प्राण्यांच्या विच्छेदनावरून खालचा जबडा दोन हाडांचा असल्याचे लिहिले आणि ते शतकानुशतके खरे मानले गेले. शरीररचनेचा अभ्यासक आंद्रेआस व्हेसालियस याने १५४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो माणसात एकच असल्याचे दाखवले. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

पूर्वी शिकवण्यासाठी खरे मानवी सांगाडे वापरले जात आणि त्यांचा मोठा पुरवठा भारतातून होई. १९८५ साली भारताने ही निर्यात बंद केली. आता प्लास्टिकच्या प्रतिकृती सर्वत्र दिसतात. स्वस्त प्रतिकृतींत जिभेच्या मुळाशी असलेले हाड अनेकदा नसतेच आणि हाडे तारेने ओवलेली असल्याने सांधे नको तिकडेही वळतात. काही लहान मुलांना सांगाड्याची भीती वाटते. त्यांना आधी स्वतःची बोटे चाचपू द्यावीत, प्रतिकृती नंतर आणावी. उंची मोजण्याचा उपक्रम घेताना मुलामुलांची तुलना टाळून एकाच मुलाची सकाळची आणि संध्याकाळची उंची मोजावी. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबत गेल्याने संध्याकाळी ती जवळपास एक सेंटिमीटरने कमी भरू शकते.

मूल्यमापनासाठी पहिल्या दिवशी काढून घेतलेले चित्र जपून ठेवतात आणि शेवटी तीच बाह्यरेषा पुन्हा देतात. हाडांची संख्या वाढली का, यापेक्षा कोपर, गुडघा आणि खांदा इथे रेषा एकमेकींना भेटतात का, हे पाहायचे असते.