नंबर झपाट्याने उतरतोय? चष्म्याआधी डोळ्याचा दाब तपासून घ्या
(मोतीबिंदू काढलेल्या बाळांच्या आई-बाबांसाठी)

तान्हेपणी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मुलांचे जाड काचांचे चष्मे आम्ही बनवतो. "नंबर कमी झाला!" असं आई-बाबा आनंदाने सांगतात. बहुतेक वेळा तो आनंद खराच असतो, कारण डोळा वाढतो तसा प्लस नंबर उतरतोच. पण दोन-तीन महिन्यांत फारच उतरला, किंवा एकाच डोळ्याचा उतरला आणि दुसऱ्याचा जागच्या जागी राहिला, तर काचा घालण्याआधी आम्ही तुम्हाला डॉक्टरांकडे परत पाठवतो. कृपया राग मानू नका.

आम्हाला काळजी असते काचबिंदूची. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरून जातं. तान्हेपणी मोतीबिंदू झालेलं भिंग काढलेल्या काही डोळ्यांत हा निचरा पुढे मंदावतो आणि दाब वाढतो. लहान मुलाचा डोळा मऊ असतो, तो दाबाने ताणून लांबतो. डोळा लांबला की प्लस नंबर घसरतो. आत दृष्टीची नस सुकत जाते आणि तिथे गेलेली नजर परत येत नाही.

अमेरिकेत एका डोळ्याचा मोतीबिंदू असलेल्या 114 बाळांचा अभ्यास झाला. ऑपरेशन वयाच्या 1 ते 6 महिन्यांत झालं होतं. दहा वर्षांपर्यंत सुमारे 22 टक्के मुलांना त्या डोळ्यात काचबिंदू झाला, संशयित धरले तर 40 टक्के. आत कृत्रिम भिंग बसवल्यानेही धोका टळला नाही.

"मग आम्ही घाई केली का?" हा प्रश्न आम्हाला फार वेळा ऐकावा लागतो. नाही. पहिल्या चार आठवड्यांत ऑपरेशन केलं तर धोका जास्त, म्हणून डॉक्टर सहसा थोडं थांबतात. पण फार लांबवलं तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही.

बाळ उजेडात डोळे घट्ट मिटतं, डोळ्यांतून पाणी वाहतं, बुबुळ धुरकट किंवा मोठं दिसतं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मोठ्या मुलांत बहुधा काहीच दिसत नाही, दुखतही नाही. ऑपरेशनला दहा-पंधरा वर्षं झाली तरी काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दाबाची तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची. आता हातात धरायच्या यंत्राने डोळा बधिर करणारे थेंब न घालताही दाब मोजता येतो, त्यामुळे बऱ्याच मुलांना दर वेळी भूल द्यावी लागत नाही.

घरात आजोबांचे काचबिंदूचे थेंब असतील तर ते बाळाला अजिबात घालू नका. त्यांतल्या काहींत ब्रिमोनिडिन हे औषध असतं; त्याने तान्हं बाळ गुंगीत जाऊन श्वास मंदावू शकतो. स्टिरॉइडचे थेंबही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस; त्यांनीही दाब चढतो.

जुना चष्मा फेकू नका. कागद हरवला असला तरी त्या काचेचा नंबर आम्ही लेन्समीटरवर मोजून, तारखेसह लिहून देतो. डॉक्टरांकडे जाताना तो कागद फाइलला लावून न्या.