परिचर्या प्रक्रिया

रुग्णाला पाहून, तपासून त्याच्या गरजा ओळखायच्या, त्यांनुसार शुश्रूषेचा आराखडा ठरवायचा, तो अमलात आणायचा आणि गुण येतो की नाही हे पाहून तो बदलायचा, या कामाच्या क्रमाला परिचर्या प्रक्रिया म्हणतात. वॉर्डात ‘नर्सिंग प्रोसेस’ आणि तिच्या लेखी रूपासाठी ‘केअर प्लॅन’ हेच शब्द रुळले आहेत. डॉक्टर रोगाचे निदान करतात. त्या रोगापायी समोरच्या माणसाचे खाणे, झोप, श्वास, हालचाल, शौच-लघवी आणि मन यांचे काय झाले आहे, हे पाहणे सिस्टरचे किंवा ब्रदरचे काम. मांडीच्या हाडाची एकच शस्त्रक्रिया झालेल्या दोन आजींच्या केसपेपरवर निदान सारखेच असेल. पण एकीला रात्रीचे दिसत नाही, आणि दुसरी बेडपॅन मागावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. पहिलीला पडण्याचा धोका आहे, दुसरीला लघवीच्या संसर्गाचा. शस्त्रक्रियेच्या कागदांत यातले काहीच सापडणार नाही.

इतिहास : निरीक्षण हा शुश्रूषेचा पाया आहे, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धानंतरच्या लेखनात ठासून सांगितले होते. तरीही पुढे बराच काळ परिचारिकेचे काम म्हणजे डॉक्टरांच्या सूचना पाळणे, एवढाच समज टिकून राहिला. अमेरिकेत लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये शुश्रूषा ही एक ‘प्रक्रिया’ असल्याचे मांडले. आयडा जीन ओर्लँडो यांनी १९६१ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली : रुग्ण चिडला, गप्प बसला किंवा सारखी घंटी वाजवू लागला, तर त्याचा अर्थ परिचारिकेने मनानेच लावू नये, त्याला विचारून खात्री करून घ्यावी. हेलन युरा आणि मेरी वॉल्श यांनी १९६७ मध्ये मूल्यांकन, नियोजन, अंमलबजावणी आणि फलनिरीक्षण अशा चार पायऱ्या सांगितल्या. १९७३ मध्ये सेंट लुईस येथे परिचर्या निदानांच्या, म्हणजे परिचारिकेने ओळखलेल्या रुग्णाच्या अडचणींच्या, वर्गीकरणासाठी पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि निदान ही स्वतंत्र पायरी मानली जाऊ लागली. या निदानांच्या याद्या सांभाळणारी ‘नांदा’ ही संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली. विद्यार्थिनींना आज याच पाच पायऱ्या शिकवल्या जातात.

मूल्यांकन : सगळ्या प्रक्रियेचा भार या पायरीवर असतो. माहिती दोन प्रकारची. रुग्ण सांगतो ती एक, आणि परिचारिकेला दिसते, हाताला लागते किंवा मोजता येते ती दुसरी. दोन्ही जुळल्या नाहीत तर तिथे थांबून पुन्हा पाहावे लागते. ‘काही दुखत नाही’ म्हणणारा माणूस कूस बदलताना दात आवळत असेल, तर चार्टवर दोन्ही गोष्टी लिहायच्या.

विचारण्यातही कसब आहे. वेदना शून्य ते दहा या पट्टीवर मोजतात, पण खेड्यातून आलेल्या पुष्कळ रुग्णांना आकडा सांगता येत नाही. ठणकते आहे, सणक जाते आहे की आग होते आहे, असे विचारले की उत्तर लगेच मिळते आणि ते आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. ‘जीव घाबरा होतोय’ ही तक्रार काळजीवर घालवून चालत नाही. तिच्यामागे धाप असू शकते, साखर उतरलेली असू शकते, हृदयाचा झटकाही असू शकतो. ‘तंबाखू खाता का’ याला बाई नाही म्हणेल, कारण ती मिश्री लावते आणि मिश्रीला कोणी तंबाखू समजत नाही. इन्सुलिन देण्याआधी ‘जेवलात का’ यापेक्षा ‘आज उपवास आहे का’ हा प्रश्न जास्त कामाचा. चतुर्थी-एकादशीला वॉर्डात तो विसरून चालत नाही.

मोजण्याच्या गोष्टींत तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण येते. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि श्वसन १२ ते २० असते. यांत सर्वाधिक हेळसांड होते ती श्वसनाची. रुग्ण बिघडू लागल्याचे बहुधा श्वसनातच आधी दिसते, पण ते मोजायला साध्या वॉर्डात सहसा यंत्र नसते, पूर्ण मिनिट उभे राहावे लागते. मोजतो आहोत हे रुग्णाला कळले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाहीत आणि नजर छातीकडे नेतात. एखाद्या चार्टवर ओळीने सगळ्यांचे श्वसन २० लिहिलेले दिसले, तर ते कोणी मोजलेले नाही असे खुशाल समजावे.

काही बाबतींत ठरलेल्या मापनपट्ट्या वापरतात. डोक्याला मार लागलेल्यांसाठी टीझडेल आणि जेनेट यांची शुद्ध मोजणारी १९७४ ची ग्लासगो पट्टी आहे. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज करतात; ८ किंवा त्याहून कमी बेरीज आल्यास श्वासमार्ग सुरक्षित नाही असे धरतात. बेडसोरचा, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, धोका ब्रेडन पट्टीवर पाहतात. तिच्यात संवेदना, त्वचेचा ओलावा, वावर, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा बाबी आहेत. बेरीज ६ ते २३ असते, आणि प्रौढांत ती १८ किंवा खाली गेली की धोका मानतात.

बेडसोरबाबत एक अडचण पाश्चात्त्य चित्रांवरून शिकलेल्यांना नेहमी येते. पहिल्या अवस्थेत त्वचा लाल होते आणि दाबूनही फिकी पडत नाही, असे पुस्तक सांगते. सावळ्या त्वचेवर ती लाली सहसा दिसत नाही. म्हणून माकडहाडावर, टाचेवर, नितंबाच्या कडेला हात ठेवून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पोचट लागते का, हे पाहावे लागते.

निदान आणि नियोजन : परिचर्या निदानात रोगाचे नाव नसते. त्यात अडचण, तिचे कारण आणि तिचा पुरावा येतो. ‘पक्षाघात’ हे डॉक्टरांचे निदान. ‘उजवी बाजू लुळी पडल्याने स्वतः कूस बदलता येत नाही; सकाळपासून एकाच अंगावर, ब्रेडन १२’ हे परिचारिकेचे. अजून न उद्भवलेल्या धोक्याचेही निदान करता येते, आणि शुश्रूषेत तेच जास्त मोलाचे.

अडचणींचा अग्रक्रम ठरलेला असतो : श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आधी, बाकीचे नंतर. उद्दिष्ट मोजता येईल असे हवे. ‘रुग्णाला बरे वाटेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘उद्या संध्याकाळपर्यंत वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत दोनदा चालेल’ हे उद्दिष्ट. कृतीही नेमकी लिहायची. नुसते ‘पोझिशन बदलणे’ लिहिले तर रात्रपाळीला काहीच कळत नाही. दर दोन तासांनी, कोणत्या वेळी, कोणत्या कुशीवर आणि टाचा उचलून धरायला उशी कुठे, हे सगळे हवे.

अशा नियोजनाचे टोकाचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांची शुश्रूषा सहकारी परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी केली. त्यांना इतक्या वर्षांत एकदाही बेडसोर झाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयापुढे सांगण्यात आले. न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या परिचारिकांची प्रशंसा केली.

फलनिरीक्षण : वेदनाशामक दिले, एवढी नोंद पुरत नाही, ठरावीक वेळाने वेदना पुन्हा विचारून लिहायची. लघवी तासाला सुमारे ३० मिलिलीटरच्या खाली गेली, तर प्रौढ रुग्णात आधी कॅथेटरची नळी दुमडली आहे का ते बघायचे, आणि तसे नसेल तर डॉक्टरांना कळवायचे. पाळी बदलताना हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, पलंगाशीच उभे राहून घेणे चांगले. नर्सिंग स्टेशनवर, म्हणजे सिस्टरांच्या टेबलाशी, बसून वाचलेल्या हँडओव्हरमध्ये सलाइनची सुजलेली जागा दिसत नाही.

भारतातील स्थिती : भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि तिच्या अभ्यासक्रमात ही प्रक्रिया सक्तीची आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थिनी एकेका रुग्णावर पाने भरून केअर प्लॅन लिहितात. नोकरीत आल्यावर मात्र सरकारी रुग्णालयाच्या भरलेल्या वॉर्डात, जमिनीवरच्या गाद्यांसह, रात्री एक-दोघींनाच सगळे पाहावे लागते आणि प्लॅन आखीव तक्त्यापुरता उरतो. याचा दोष बहुतेक वेळा परिचारिकांना दिला जातो. तो मनुष्यबळ मंजूर करणाऱ्यांकडे जायला हवा. अनुभवी इन्चार्ज सिस्टर आराखडा डोक्यात ठेवतातच, पण त्यांची पाळी संपली की तो त्यांच्याबरोबर घरी जातो. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘एनएबीएच’ या मंडळाचे मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांत रुग्ण दाखल झाल्यावर ठरलेल्या मुदतीत परिचर्या मूल्यांकन लिहिणे बंधनकारक असल्याने तिथे नोंदी बऱ्या असतात, शुश्रूषा मात्र त्यामुळे आपोआप सुधारत नाही.

डिस्चार्जचे नियोजन भरतीच्या दिवसापासूनच सुरू करायचे असते. घरी जिना आहे का, संडास भारतीय पद्धतीचा आहे का, औषध कोण देणार, इन्सुलिन ठेवायला फ्रीज आहे का, हे तेव्हाच विचारून ठेवतात. इन्सुलिन टोचायला शिकवल्यावर ‘समजले का’ असे विचारण्यात अर्थ नाही, सगळे हो म्हणतात. सुनेने किंवा मुलाने सिस्टरसमोर स्वतः औषध सिरिंजमध्ये भरून, टोचून दाखवले की मगच तशी नोंद केसपेपरवर करतात.