भेगाळणारी माती आणि सातव्या मजल्यावरची मांजर

मे महिन्यात आमच्या नेरुळच्या सोसायटीत अर्थिंगचे खड्डे नव्याने भरायचं काम निघालं. इलेक्ट्रिशियनने खांद्यावरचं पोतं उतरवलं आणि त्यावर छापलेला शब्द वाचून मी थबकलो. बेंटोनाइट. हाच शब्द आमच्या ठमीच्या मातीच्या पिशवीवर असतो. ठमी म्हणजे आमची मांजर, आणि माती म्हणजे तिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये पसरायची. वय चार, वजन चार किलो, मुक्काम सातवा मजला. तिच्या पाच किलो मातीचे मी चारशेच्या आसपास मोजतो, आणि इथे त्याच नावाची माती पोत्याने खड्ड्यात ओतत होते. भाव विचारला तर मला माझ्याच भोळेपणाचा राग आला. दोनेक किलो मागून घेतली, वर आणली आणि ट्रेमध्ये पसरली.

ठमी आत गेली, उकरलं, काम उरकलं आणि बाहेर आली ती चारही पायांत राखाडी बूट घालून. त्या बुटांनिशी सोफा झाला, पलंग झाला, गॅसचा ओटाही झाला. ट्रेच्या तळाशी असा गिलावा बसला होता की तो कालथ्याने खरवडावा लागला. बायको काहीच बोलली नाही. नवा कालथा आणायला मात्र तिने लगेच पिटाळलं.

निवृत्तीआधी पंचवीसेक वर्षं माझी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत वजनं करण्यात गेली. त्यामुळे फजिती झाली की ती का झाली हे शोधल्याशिवाय मला झोप लागत नाही.

देशावर ज्यांचं गाव आहे त्यांना निम्मं उत्तर ठाऊकच आहे. वैशाखात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस झाला की त्याच भेगा मिटतात आणि जमीन चपला ओढून घेते. ही फुगण्या-आकसण्याची करामत माँटमोरिलोनाइट आणि त्याच्या भाऊबंद खनिजांची. हे खनिज ज्या मातीत ठासून भरलेलं असतं, ती बेंटोनाइट. हे नाव १८९८ साली अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या अशाच मातीला दिलं गेलं.

आतली रचना घडीच्या पोळीसारखी असते. एकावर एक पापुद्रे, प्रत्येक जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. पापुद्र्यांवर ऋणभार असतो आणि तो भागवायला मधल्या फटींत धनभारित आयन येऊन बसलेले असतात. तिथे सोडियम असेल तर पाणी दिसताच पाण्याचे रेणू त्याच्याभोवती गर्दी करतात, फटी रुंदावत जातात आणि पोळी टम्म फुगते. चांगली सोडियम बेंटोनाइट मूळच्या दहा-पंधरा पट फुगू शकते. फटीत कॅल्शियम असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्यावर दुप्पट भार, त्यामुळे तो दोन्ही पापुद्रे घट्ट धरून ठेवतो आणि फुगवटा बेताचाच राहतो. कॅल्शियमच्या मातीत धुण्याचा सोडा मिसळून तिला सोडियमची करून घेतात. पण सगळ्याच पिशव्यांतलं हे काम सारखं झालेलं नसतं. एका ब्रँडचा गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा निघतो आणि दुसऱ्याचा उचलताच ढासळतो, यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

मग माझं काय चुकलं? अर्थिंगची माती ही पीठ असते, ठमीची माती म्हणजे रवा. पिठावर पाणी पडलं की वरचा थर फुगून चिकट खळ होतो आणि पाण्याला खाली वाटच देत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात हेच हवं असतं, कारण ओल तिथे टिकली पाहिजे. खाडीकाठच्या मऊ चिखलात आपल्याकडे टॉवर उभे राहतात तेव्हा पायलिंगच्या भोकात जी करडी लापशी ओततात, तीसुद्धा बेंटोनाइटचीच. ती भोकाच्या भिंती ढासळू देत नाही. ट्रेमध्ये मात्र दाण्यांमधून मूत्र आत उतरायला जागा हवी. मग प्रत्येक दाणा बाहेरून फुगतो, शेजारच्याला चिकटतो, आणि जिथे ओल संपते तिथे गोळाही संपतो. बाकीची माती कोरडीच राहते. शिवाय अर्थिंगच्या काही मिश्रणांत कार्बनची पूड आणि क्षारही घालतात. ठमी पंजे चाटून स्वच्छ करते हे लक्षात घेता तो प्रयोग मी करायलाच नको होता.

आपल्या देशात ही माती मुख्यतः कच्छमधून आणि राजस्थानातल्या बाडमेरकडून येते. कच्छची बेंटोनाइट दख्खनच्या बसाल्टची आणि त्या वेळच्या ज्वालामुखीच्या राखेची रूपांतरं होऊन बनली आहे. आमच्या गच्चीवरून पारसिकचा डोंगर दिसतो, दगडखाणींनी कुरतडलेला. तोही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच लाव्ह्याचा. तिकडे त्याची माती झाली आणि ट्रकमधून इकडे आपल्या भावाच्या, म्हणजे पारसिकच्या, पायथ्याशी आली, असं मी एकदा नातवाला रंगवून सांगितलं. त्याने विचारलं, मग आपण डोंगरातूनच का नाही खणून आणत?

घरातल्या मांजरासाठी विकतची माती ही कल्पना तशी अलीकडची. कोकणातल्या आजोळी मांजरं चुलीतल्या राखेत नाहीतर मागच्या परड्यात जायची. अमेरिकेतही १९४७ पर्यंत राख आणि वाळूच चालायची. त्या वर्षी मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली. त्याच्याकडे कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायची दाणेदार माती होती, मुलतानी मातीच्या जातकुळीतली. त्याने तीच दिली. बाईंची मांजर खूश झाली. मग त्याने पाच पौंडांच्या पिशव्या भरून ६५ सेंटला विकायला काढल्या. दुकानदार म्हणाला, वाळू जवळपास फुकट मिळत असताना ही कोण घेणार? माझी बायको आजही हेच विचारते. गोळे होणारी बेंटोनाइट मात्र १९८०च्या दशकात आली.

राख मागे पडली यामागे रसायनशास्त्रही आहे. मांजराच्या मूत्रात युरिया भरपूर असतो. जिवाणूंचं युरिएज हे विकर (एन्झाइम) त्याचं अमोनियात रूपांतर करतं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो. एक रूप आयनाचं, ते पाण्यातच गुमान बसतं. दुसरं वायूचं, ते थेट आपल्या नाकात येतं. माध्यम अल्कधर्मी झालं की तोल वायूकडे झुकतो, आणि लाकडाची राख असते सणसणीत अल्कधर्मी. म्हणजे राख ओल टिपते खरी, पण अमोनियाला हाकलून बाहेर काढते. अंगणात ते खपून जायचं. वन बीएचकेत नाही खपत. ट्रेमध्ये खाण्याचा सोडा भुरभुरायचा सल्ला सगळेच देतात. तो आंबट वासांवर थोडाफार चालतो, पण स्वतःच किंचित अल्कधर्मी असल्याने अमोनियाला आवरणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

मांजराच्या मूत्राला इतका उग्र दर्प का, याचं मूळ वाळवंटात आहे. आपल्या मांजरांचे पूर्वज रुक्ष प्रदेशातली रानमांजरं. पाणी वाचवायचं म्हणून त्यांची मूत्रपिंडं मूत्र फार दाट करतात, माणसाला जमतं त्याच्या दुपटीहून अधिक. चार किलोचं मांजर दिवसाला जेमतेम एक कटिंग चहाएवढं मूत्र करतं, पण अर्क म्हणावा असा तो कटिंग. त्यात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं आणि ते विघटित होताना ओळखीचा ‘बोक्याचा वास’ सुटतो. फेलिनिन तयार करायला मदत करणारं एक प्रथिन मूत्रातच असतं. जपानी संशोधकांनी २००६ साली त्याचं काम उलगडलं. त्याला नाव दिलंय कॉक्सिन, त्याच्या लांबलचक इंग्रजी वर्णनाचं लघुरूप. खच्ची न केलेल्या बोक्यात हा सगळा कारभार जोरात असतो. महागड्या सुगंधी मातीवर वर्षभर पैसे घालवण्यापेक्षा बोक्याचं ऑपरेशन स्वस्त पडतं, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. आमची तर मादीच, तेव्हा तो खर्च वेगळ्या कारणासाठी झाला.

सुगंधी मातीबद्दल माझं मत वाईट आहे. लॅव्हेंडरचा वास आपल्याला बरा वाटतो, पण मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, आणि ते त्या ढिगाऱ्याच्या वितभर अंतरावर असतं. बहुतेक मांजरांना बारीक दाण्याची, बिनवासाची, दोन-तीन बोटं खोल माती आवडते. माती पसंत पडली नाही तर ती तक्रार करत नाहीत, सरळ पायपुसण्यावर जातात. मग वाचवलेले पैसे धोब्याला द्यायचे.

स्वस्तातले बाकीचे उपायही मी करून पाहिले. वर्तमानपत्राचे कपटे ओल छान टिपतात, पण वास अडवत नाहीत आणि दोन वेळा वापरले की सगळेच फेकावे लागतात. बांधकामाची रेती काही टिपतच नाही. मूत्र तळाशी जाऊन साचतं आणि ट्रे उचलताना कंबर धरते. तुर्भ्याच्या वखारीतून भुसा आणला तेव्हा तिथल्याच एका सुताराने बजावलं, लाकडाचाच घ्या, प्लायचा नको. त्याचं बरोबर होतं. प्लायवूडमध्ये फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनचा डिंक असतो. पण सैल भुसा ठमीच्या पोटावरच्या केसांत अडकून घरभर फिरला.

तोच भुसा वाळवून, दाबून केलेल्या पाइनच्या कांड्या मात्र कामाच्या निघाल्या. ओल्या झाल्या की त्यांचा भुगा होतो. एकात एक बसणारी दोन टोपली घ्यायची, वरच्याला तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडायची आणि हलवायचं. भुगा खाली, सुक्या कांड्या वर. आठवडाभरात किती कांड्या खर्ची पडल्या ते डोळ्यांनी दिसतं.

मग आली टोफूची माती. सोयाबीनचं दूध गाळून उरलेल्या चोथ्याच्या बारीक शेवया. मांजराच्या मातीला इंग्रजीत ‘लिटर’च म्हणतात आणि ही विकतात लिटरवर, त्यामुळे दुकानात ‘सहा लिटर लिटर द्या’ असं म्हणावं लागतं आणि दुकानदार दोन्ही लिटरांना सारखाच गंभीर चेहरा ठेवतो. धूळ नाही, वजनाला हलकी. पण ती शेवटी अन्न आहे. जुलैत इथली हवा पिळली तर पाणी गळेल अशी असते, आणि उघड्या पिशवीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. सिलिका जेलच्या खड्यांचंही पावसाळ्यात तेच. नव्या चपलांच्या खोक्यात जी पुडी असते तोच पदार्थ. आत असंख्य सूक्ष्म छिद्रं, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बाष्प ती धरतात. पण छिद्रांना मूत्र आणि मान्सून यांतला फरक कळत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तो सौदा परवडेलही. खाडीवरून वारा येणाऱ्या घरात मी महिन्याची पिशवी अरबी समुद्राच्या वाफेवर खर्च केली.

हिशेब पिशवीच्या भावाचा करायचा नसतो, रोज फेकल्या जाणाऱ्या वजनाचा करायचा असतो. महिनाभर मी ठमीचे गोळे तोलले. एका गोळ्यात मूत्राच्या साधारण दुप्पट वजनाची माती जाते. म्हणजे दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, महिन्याला सहा किलोच्या आसपास. रेती स्वस्त, पण ती दर दोन दिवसांनी ट्रेभर जाते. कमी चिकटणारी स्वस्त बेंटोनाइटही तशीच फसवते. गोळा फुटतो, ओले तुकडे बाकीच्या मातीत मिसळतात आणि पंधरवड्यातच सगळा ट्रे वास मारायला लागतो. नवी पिशवी आणली की मी वाटीभर माती घेऊन तिच्यात दोन चमचे मिठाचं पाणी ओततो, दहा मिनिटं थांबतो आणि गोळा गुडघ्याच्या उंचीवरून वर्तमानपत्रावर टाकतो. शाबूत राहिला तर पुढची पिशवी त्याच ब्रँडची. सध्या पावसाळ्यात बेंटोनाइट, झाकणाच्या डब्यात भरून. दिवाळीनंतर पाइनच्या कांड्या.

ट्रे धुण्याचं एक महत्त्वाचं. काळं फिनेल वापरू नका. त्यात फिनॉलवर्गीय रसायनं असतात आणि ती निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची जी यंत्रणा आपल्या यकृतात असते, तिचं एक महत्त्वाचं विकर मांजरांत चालतच नाही. त्या विकराचं जनुक त्यांच्यात मोडलेल्या अवस्थेत आहे. ब्लीचही नको, अमोनियाशी भेट झाली की त्यातून क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. साबण आणि गरम पाणी पुरे. आणि गोळे कमोडमध्ये ढकलू नका. फुगणारी माती पाइपात काय करते ते आमच्या सहाव्या मजल्याने भोगलं आहे. सफाईच्या मावशींनी एकदा विचारलं, काका, ही ओल्यात टाकू की सुक्यात? बेंटोनाइट कुजत नाही, म्हणून ती वेगळ्या पिशवीत बांधून देतो.

गोळे रोज काढावेत याला वासापलीकडचंही कारण आहे. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी काही मांजरांच्या विष्ठेतून बाहेर पडतो. बाहेर पडल्याबरोबर तो कुणाला बाधत नाही. बाधण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. सहसा मांजर हे परजीवी आयुष्यात एकदाच, काही आठवडे सोडतं, आणि घराबाहेर न जाणाऱ्या, कच्चं मांस न खाणाऱ्या मांजरात शक्यता आणखी कमी. तरी गर्भवती बाईने ट्रेला हात लावू नये असं डॉक्टर सांगतात, कारण त्या काळात लागण झाली तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. आमच्या सुनेला सहावा महिना लागलाय. तेव्हा सध्या खोरं माझ्याकडे आहे, रोज रात्री दहाला, बातम्या संपल्या की.