प्लॅट दुरुस्ती

स्पेनच्या तावडीतून सुटलेल्या क्यूबाच्या स्वातंत्र्यावर अमेरिकेने लादलेल्या अटी. अमेरिकेच्या लष्करी खर्चाच्या विधेयकाला जोडलेली ही दुरुस्ती २ मार्च १९०१ रोजी मंजूर झाली. कनेक्टिकटचे सिनेटर ऑर्विल प्लॅट यांचे नाव तिला मिळाले. मसुदा मात्र मुख्यतः युद्धमंत्री एलिहू रूट यांचा होता.

क्यूबाचे क्रांतिकारक १८९५ पासून स्पेनशी लढत होते. फेब्रुवारी १८९८ मध्ये ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली, अडीचशेहून अधिक माणसे दगावली आणि दोन महिन्यांत अमेरिका युद्धात उतरली. क्यूबा आपल्या राज्याला जोडण्याचा इरादा नाही, अशी ग्वाही त्याच वेळी अमेरिकी काँग्रेसने टेलर दुरुस्तीद्वारे दिली होती. डिसेंबरमध्ये पॅरिसचा तह झाला तेव्हा प्वेर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेकडे गेले, क्यूबात अमेरिकी लष्करी अंमल सुरू झाला. ज्यांच्या देशाचा फैसला होत होता त्या क्यूबन लोकांना वाटाघाटींना बोलावलेही नव्हते.

दिलेला शब्द उघडपणे न मोडता बेटावर पकड ठेवायची, ही प्लॅट दुरुस्तीमागची खरी गरज. तिच्यानुसार क्यूबाने आपले स्वातंत्र्य धोक्यात येईल असे करार परकीय सत्तांशी करायचे नव्हते आणि झेपणार नाही एवढे कर्ज काढायचे नव्हते. नाविक तळांसाठी अमेरिकेला जमीन द्यायची होती. सर्वांत जाचक होते तिसरे कलम : क्यूबाचे स्वातंत्र्य आणि तिथले जीवित-वित्त यांच्या रक्षणासाठी हस्तक्षेप करण्याचा हक्क अमेरिकेला मिळाला. रक्षणाची वेळ आली की नाही, हे ठरवणारीही अमेरिकाच.

क्यूबाच्या घटना परिषदेत या अटींना कडवा विरोध झाला. हुआन ग्वाल्बेर्तो गोमेस त्यात आघाडीवर होते. पण अटी स्वीकारल्याशिवाय अमेरिकी फौज हलणार नव्हती. अखेर १२ जून १९०१ रोजी १६ विरुद्ध ११ मतांनी त्या मान्य झाल्या. याला संमती म्हणणे कठीण आहे. खुद्द लष्करी गव्हर्नर लेनर्ड वुड यांनी त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पत्रातून कळवले, की या दुरुस्तीनंतर क्यूबाला स्वातंत्र्य जवळपास उरलेलेच नाही.

२० मे १९०२ रोजी प्रजासत्ताक स्थापन झाले. पहिले अध्यक्ष तोमास एस्त्रादा पाल्मा यांच्या फेरनिवडीवरून १९०६ मध्ये बंड उठले, तेव्हा त्यांनीच अमेरिकेला पाचारण केले आणि राजीनामा दिला. पुढे १९०९ पर्यंत देशाचा कारभार अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती होता. तिसऱ्या कलमाचे सर्वांत खोल नुकसान इथे दिसते. सत्ताधारी असोत की बंडखोर, आपले भांडण घरात मिटवण्याऐवजी दोघेही वॉशिंग्टनकडे पाहू लागले. १९१२ आणि १९१७ मध्ये अमेरिकी सैनिक पुन्हा क्यूबात उतरले.

१९३३ च्या क्रांतीनंतर ग्राऊ सान मार्तिन यांच्या सरकारने दुरुस्ती रद्द झाल्याचे जाहीर केले, पण त्या सरकारला अमेरिकेने मान्यताच दिली नाही. अमेरिकेचे पुढचे एक अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘चांगला शेजारी’ धोरणात, म्हणजे लॅटिन अमेरिकी देशांत हस्तक्षेप टाळण्याच्या धोरणात, मे १९३४ च्या नव्या कराराने ती संपली. क्यूबातील ग्वांतानामोचा अमेरिकी नाविक तळ मात्र त्यातून वगळला गेला : १९०३ मध्ये भाडेपट्ट्याने घेतलेली ती जमीन दोन्ही देशांची संमती असेल किंवा अमेरिका स्वतः तळ सोडील, तरच परत मिळणार होती. फिदेल कास्त्रो यांच्या सरकारने पुढे भाड्याचे धनादेश वटवणे थांबवले. तळ आजही अमेरिकेच्या ताब्यात आहे.