बडोद्यातील बागा आणि मोकळ्या जागा

बडोद्यातील बागा आणि मोकळ्या जागा : गुजरातमधील वडोदरा (मराठी माणसाच्या तोंडी बडोदे) या शहरातील सार्वजनिक उद्याने, मैदाने, तलावकाठ आणि सोसायट्यांचे कॉमन प्लॉट (रहिवाशांसाठी मोकळ्या सोडलेल्या सामाईक जागा). शहराची ओळख करून देताना सयाजीबागेचे नाव हमखास निघते. गोत्री, वासणा, मांजलपूर, समा, हरणी या वाढत्या उपनगरांत मात्र तिच्या आकाराच्या जवळपासही जाणारी बाग नाही. संस्थानी काळात साऱ्या गावासाठी एकच प्रशस्त बाग राखली गेली. पुढच्या नगररचनेने मोकळी जागा तुकड्यातुकड्यांनी वाटून दिली. बडोद्यात संध्याकाळी कोण कुठे बसतो, मुले कुठे खेळतात, हे बरेचसे या फरकावर ठरते.

सयाजीबाग : लोकांच्या बोलण्यात ‘कमाटीबाग’. विश्वामित्री नदीच्या दोन्ही काठांवर शंभराहून अधिक एकरांत पसरलेली ही बाग १८७९ मध्ये घातली गेली. श्रेय तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांना दिले जाते आणि ते गैर नाही. पण त्या वर्षी महाराज जेमतेम सोळा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले ते १८८१ च्या अखेरीस. बागेला पुढे आलेले रूप मात्र निःसंशय सयाजीरावांच्या आवडीचे आहे. १८९३ मध्ये त्यांच्या राज्यात आलेल्या गुस्ताव क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने संस्थानच्या बागांची व्यवस्था अनेक वर्षे पाहिली. बंगळूरच्या लालबागेमुळे त्याचे नाव झाले ते त्यानंतर.

बागेच्या तोंडाशी सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. पुतळा महाराजांचा असला तरी चौकाला नाव मिळाले ते ‘काळा घोडा’. आत बँडस्टँड, फुलांचे घड्याळ, मुलांची छोटी आगगाडी, सरदार पटेल तारांगण आणि प्राणिसंग्रहालय आहे. संग्रहालय व चित्रवीथी हा बागेतला सर्वांत भक्कम भाग. संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. चित्रवीथीची वास्तू १९१४ पर्यंत उभी राहिली, पण युरोपात घेतलेली चित्रे पहिल्या महायुद्धामुळे तिकडेच अडकून पडली आणि चित्रवीथी लोकांसाठी खुली व्हायला १९२१ उजाडले. शहरातल्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती अभ्यासकांना इकडे खेचून आणतात. शाळकरी मुलांची रांग मात्र लागते ती ममीपाशी आणि देवमाशाच्या सांगाड्यापाशी.

सकाळी ही बाग फिरणाऱ्यांची असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून सात वाजायच्या आतच फेऱ्या उरकतात. सावलीतली बाकडी पेन्शनर मंडळींनी धरलेली असतात. रविवारी संध्याकाळी गावाबाहेरचीही माणसे येतात. बाहेरच्या लाऱ्यांवर (हातगाड्यांवर) सेव उसळ मिळते. वाटाण्याची उसळ, वर शेव आणि कांद्याची पात, तरी वेगळी, सोबत पाव. मिसळीवर वाढलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते, पण मिसळ म्हणून मागितलेली बडोदेकराला खपत नाही.

नदी हे या बागेचे वैभव आहे आणि तीच तिची अडचणही. पावागडाच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री भर शहरातून वाहते आणि तिच्या पात्रात शेकडो मगरी राहतात. इतक्या दाट वस्तीत मगरींची एवढी मोठी संख्या भारतात क्वचितच आढळते. २०१९ आणि २०२४ च्या महापुरांत नदी काठ सोडून बाहेर आली, बाग पाण्याखाली गेली आणि मगरी सखल भागांतल्या रस्त्यांवर दिसल्या. अशा वेळी वनखात्याच्या माणसांबरोबर गावातले स्वयंसेवक दोर घेऊन धावतात. नदीकाठावर फिरण्याचे रस्ते आखताना कागदावर सगळे सोपे दिसते. प्रत्यक्षात मगरी काठाच्या मातीत बिळे करून राहतात, अंडी घालतात. काठ सिमेंटचा केला की त्यांना थारा उरत नाही. नदीच्या सुशोभीकरणावरून गावात वारंवार वाद होतात त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

तालमी आणि मैदाने : जुन्या बडोद्यात मोकळ्या हवेतला विरंगुळा बागेपेक्षा तालमीत जास्त होता. दांडियाबाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांतली मुले संध्याकाळी मल्लखांब, कुस्ती आणि लाठी यांसाठी आखाड्यात जात. यांत जुम्मादादा व्यायाम मंदिराचे स्थान वेगळे आहे. मुसलमान उस्तादाचे नाव त्यांच्या मराठी शिष्याने, म्हणजे राजरत्न प्रा. माणिकराव (१८७८–१९५४) यांनी, संस्थेच्या रूपाने टिकवले. सांघिक कवायतीचे शिक्षक म्हणून माणिकराव प्रसिद्ध होतेच, पण निखळलेला सांधा बसवून घ्यायलाही लोक त्यांच्याकडे लांबून येत. दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ही बडोद्यातच निघाला. बडोद्याच्याच हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे सुधारित नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय सामने भरवले. आजच्या कबड्डीच्या इतिहासात या घटनेचा मान मोठा आहे. खोखोच्या नियमांनाही त्याच सुमारास जिमखान्याने शिस्त लावली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले मोतीबाग मैदान क्रिकेटचे. पोलो मैदानावर सकाळी चालणारे आणि दसऱ्याला रावणदहन. नवलखी मैदान बरीच वर्षे नवरात्रातल्या गरब्याने गाजले.

उपनगरांतील बागा : स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोद्याच्या वाढीविषयी संस्थानाला अहवाल दिला होता. गावे पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा आहे ती वस्ती जपत थोडी थोडी मोकळी करावी, पडीक जागांच्या लहान बागा कराव्यात, तळी बुजवू नयेत, हा गेडिस यांचा भारतभरचाच आग्रह. शहर पुढे वाढले ते मुख्यतः वेगळ्या यंत्रणेने, टीपी स्कीमने (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे नगररचना योजना). तिचा सध्याचा आधार म्हणजे गुजरातचा १९७६ चा नगररचना व नागरी विकास अधिनियम. वडोदरा नागरी विकास प्राधिकरणही त्याच कायद्याखालचे. पद्धत अशी : शेतजमिनींचे वेडेवाकडे सर्व्हे नंबर कागदावर एकत्र करायचे, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी ‘फायनल प्लॉट’ म्हणून मूळ मालकांना परत द्यायची. मालकाची जमीन घटते, पण रस्त्याला लागते आणि भाव चढतो. सक्तीने भूसंपादन करण्यापेक्षा ही रीत बरी, असे नगररचनाकार मानतात.

या कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्क्यांपर्यंत, तर बागा, क्रीडांगणे व मोकळ्या जागांसाठी ५ टक्क्यांपर्यंत जमीन काढता येते. म्हणजे शंभर हेक्टरांच्या योजनेत बागांच्या वाट्याला फार तर पाच हेक्टर, तेही एकसंध नव्हेत. सयाजीबाग एकटीच चाळीस हेक्टरांच्या वर आहे. एका योजनेतून पुन्हा तशी बाग निघणे अशक्यच. मिळतात ते दोन-तीन सोसायट्यांच्या मध्ये बसणारे लहान बगीचे. त्यांचा साचा ठरलेला : कडेने फरसबंद चालवाट, मधे हिरवळ, एका कोपऱ्यात घसरगुंडी व झोपाळे, दुसऱ्या कोपऱ्यात उघड्यावरची व्यायामाची लोखंडी साधने. झाडे मात्र विचारपूर्वक निवडली जातातच असे नाही. भराभर वाढून हिरवी भिंत उभी करतो म्हणून कोनोकार्पस रस्तोरस्ती आणि बगीच्यांत लावला गेला. २०२३ मध्ये राज्याच्या वनखात्याने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाने ही परदेशी झुडपे डोक्यावर घ्यावीत, हे विचित्रच.

उपनगरात खरा वापर होतो तो कॉमन प्लॉटचा. मोठ्या भूखंडावर सोसायटी बांधताना काही जागा सर्वांसाठी मोकळी सोडावी लागते; ती जागा म्हणजे कॉमन प्लॉट. महाराष्ट्रातल्या वाचकाला चाळीचे पटांगण आठवेल, पण इथे वर्षाचे वेळापत्रक वेगळे आहे. गणपतीत मांडव पडतो. नवरात्रात जिथे मराठी घरे अधिक आहेत तिथे आधी पाटावर हत्ती मांडून भोंडला होतो, खिरापत ओळखली जाते आणि अंधार पडल्यावर त्याच जागेवर गरबा सुरू होतो. कोजागरीला आटीव दूध, दिवाळीच्या सुट्टीत मुलांचा किल्ला, मे महिन्यात टेनिस बॉलचे क्रिकेट. संक्रांतीला मात्र प्लॉट ओस पडतो, कारण सारी वस्ती पतंग घेऊन गच्चीवर असते. तिळगूळ आणि उंधियू एकाच ताटात येतात आणि काकू हळदीकुंकवाची बोलावणी जिन्यातूनच करून टाकतात.

जागा सर्वांची असल्यामुळे भांडणेही तिच्यावरूनच होतात. गाड्या वाढल्या तसा कॉमन प्लॉट पार्किंगने खाल्ला. कुठे पेव्हर ब्लॉक बसवले गेले, कुठे ‘येथे क्रिकेट खेळू नये’ अशी पाटी लागली. सभेत तरुण आईबाप विरुद्ध गाडीवाले असे दोन पक्ष पडतात आणि मत नसलेली मुले हरतात.

कारखान्यांच्या वसाहतींत चित्र निराळे आहे. वायव्येकडील फर्टिलायझरनगर किंवा रिफायनरीची जवाहरनगर वसाहत यांत मैदान, क्लब, झाडांच्या रांगा आणि रुंद रस्ते घरांबरोबरच आखले गेले. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची मुले तिथे सायकल शिकली. अर्थात ही सोय नोकरी असेपर्यंतची. निवृत्तीनंतर फ्लॅट घ्यायचा तो उपनगरातच.

तलाव : गोत्री, समा, छाणी, गोरवा, हरणी ही मुळात तळ्याकाठची खेडी. शहराने ती पोटात घेतली तेव्हा शेते गेली, तळी राहिली. बहुतेक तळ्यांभोवती आता चालवाट, कठडा आणि दिवे आहेत. उपनगरात सलग लांब फेरी मारता येते ती इथेच. जुन्या गावातल्या सूरसागराची घाटबांधणी मात्र अठराव्या शतकातली आहे. सूरसागरात मधोमध शंकराची भव्य मूर्ती उभी आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट दिलेली नव्हती. तळ्यांवरची करमणूक ठेकेदारांच्या हाती सोपवताना देखरेख कोणी करायची, हा प्रश्न त्या दिवसापासून उघड विचारला जाऊ लागला.

गावाबाहेर : आजवा येथील सयाजी सरोवर १८९० च्या दशकात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले आणि आजही त्याचे पाणी शहराला मिळते. धरणाखालची बाग म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीची आहे. चालण्याची हौस असलेले पावागड चढतात. पायथ्याचे चांपानेर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. डभोईजवळचा वढवाणा तलावही गायकवाडी काळात शेतीच्या पाण्यासाठी झाला. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून बदके आणि राजहंस उतरतात, आणि २०२१ मध्ये त्याची रामसर पाणथळींत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नोंद झाली. पक्षी पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या आत पोहोचावे लागते. ऊन वर आले की थवे काठापासून दूर, मधल्या पाण्यात सरकतात.