टिकी-टी (लॉस एंजेलिस)

टिकी-टी हा लॉस एंजेलिसमधे सनसेट बुलेव्हार्डवरचा एक छोटुसा जुना टिकी बार, रे बुहेन या फिलिपिनो बारटेंडरने 1961 साली सुरू केलेला. छोटुसा म्हणजे खरंच छोटा, काउंटरला 12 स्टुलं आणि कडेला थोडी टेबलं, बस. आधी तिथे व्हायोलिनचं दुकान होतं.

टिकी म्हणजे मुळात पॉलिनेशियातल्या माओरी, मार्केसन वगैरे लोकांच्या कोरीव मूर्ती, देवांच्या नाहीतर पूर्वजांच्या. टिकी बार मात्र पूर्ण अमेरिकन प्रकार आहे. 1933 च्या शेवटी तिकडची दारूबंदी उठली, त्याच सुमारास हॉलिवूडमधे 'डॉन द बीचकोंबर' हा बार निघाला, बांबू, मंद दिवे, आणि प्यायला रम, जी आली कॅरिबियनमधून, पॉलिनेशियाशी तिचा काही संबंध नाही. दुसऱ्यांच्या देवाच्या आकाराचा कप करून त्यात दारू ओतायची हे पॉलिनेशियन लोकांपैकी बऱ्याच जणांना खटकतं आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

तरी असे बार टिकले, आणि माझ्या मते ते सजावटीमुळे नाही, काउंटरमागच्या हातांमुळे टिकले. 'बीचकोंबर'चा मालक डॉन आपल्या रेसिपी इतक्या लपवून ठेवायचा की बाटल्यांवर घटकांची नावं नसायची, 'डॉन्स मिक्स', 'स्पाइसेस नंबर 4' असलं काहीतरी लिहिलेलं असायचं (डॉन्स मिक्स म्हणजे ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचं सिरप, हे कळायला कित्येक वर्षं गेली). पण रोज तिथे उभं राहून ड्रिंक बनवणारे बरेचसे फिलिपिनो होते, हातात मुरलेलं कसं लपणार! डिक सँतियागो नावाच्या कर्मचाऱ्याची 1937 ची वही पुढे सापडली म्हणून तर 'झोंबी' हे डॉनचं रमचं कॉकटेल मूळ रूपात परत बनवता आलं. नाव मात्र मालकाचं झालं, या लोकांची नावं फार थोड्यांना माहीत आहेत याचं वाईट वाटतं.

रे 1934 पासून डॉनकडे होता, नंतर बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यांसाठी ड्रिंक्स बनवली आणि शेवटी स्वतःचा बार काढला, म्हणून टिकी-टीचं मोल वेगळं आहे. 1999 मधे तो गेला, पण त्याच्यामागे मुलाने आणि नातवाने बार चालवला. इथलं 'रेज मिस्टेक' हे ड्रिंक त्याच्या हातून मिसळताना झालेल्या चुकीतून आलेलं, आणि कोणी 'ब्लड अँड द सँड' मागवलं की अख्खा बार "टोरो! टोरो!" (स्पॅनिशमधे बैल) ओरडतो, अनोळखी माणसंसुद्धा.