डोळा फुटला तरी टाका नाही, असं कसं?

मागच्या साली पऱ्हाटी उपटताना आमच्या तात्यांच्या डोळ्यात काडीचं टोक घुसलं. गावात लगेच सल्ले सुरू, कोणी म्हणे मध घाला, कोणी म्हणे जिभेनं खडा काढणाऱ्या बाईकडं न्या. नशीब, भावानं कोणाचं ऐकलं नाही, डोळ्यावर कागदी कप उलटा धरून सरळ परभणीला नेलं. तिथं डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कॉर्नियाला आरपार छेद आहे, पण सध्या ऑपरेशन नको. आम्ही सगळे घाबरलो, आरपार भोक आहे आणि टाका नाही?

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्यामागं साधारण पाव मिली पाणी असतं, आणि डोळा ते मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर असं सारखं नवं बनवत राहतो. सरळ भोक पडलं तर ते पाणी गळतं. पण काडी तिरकी घुसली असेल तर आत कॉर्नियाची एक झडप तयार होते, आपल्या विहिरीतल्या मोटारीचा फुटवॉल असतो ना, वरच्या पाण्याच्या वजनानं बसतो, तसा डोळ्यातला दाबच ती झडप आतून दाबून धरतो. वरून कडा सुजतात आणि फट अजून घट्ट होते.

हे डोळ्यानं बघून कळत नाही बरं का. डॉक्टर केशरी रंगाचं औषध लावून निळ्या उजेडात बघतात, पाणी गळत असेल तर रंगात ओघळ दिसतो. तात्यांना ओघळ नव्हता. छेद दोनेक मिलिमीटरचा, कडा जुळलेल्या, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जखमेत अडकलेला नाही, बाहुली गोल (थेंबासारखी एका बाजूला ओढलेली दिसली तर लई वाईट), लेन्स शाबूत, आत तुकडा नाही. एवढं सगळं जुळलं म्हणून टाका वाचला. छन्नी-हातोड्यानं उडालेली लोखंडाची कपची असती तर गोष्टच वेगळी, ती आत राहिली की गंज डोळ्यात उतरतो, ती काढावीच लागते.

आणि ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही असं अजिबात नाही. जखमेवर पट्टीसारखी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवली, अँटिबायोटिकचे थेंब, बाहुली मोठी करायचे थेंब, धनुर्वाताचं इंजेक्शन, झोपताना प्लास्टिकची ढाल, आणि सुरुवातीला रोज तपासणी. थोडं गळत असतं तर डॉक्टर कधीकधी खास गोंद लावतात, फेविक्विकच्याच जातीचा पण डोळ्यासाठी बनवलेला. घरातली ट्यूब डोळ्याजवळ नेऊ नका, हात जोडून सांगतो.

खरी भीती नंतरची होती, बुरशीची. झाडाच्या काडीनं जखम झाली की बुरशी आत जाऊ शकते आणि काही दिवसांनी डोकं वर काढते, म्हणून मेडिकलवरून मनानं स्टेरॉइडचे थेंब आणून घातले तर बुरशीला रानच मोकळं मिळतं. काडी रुतलेली असेल तर उपटू नका, चोळू नका, पाणी मारू नका, दाबून पट्टी बांधू नका, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत खाऊ-पिऊ घालू नका, कारण भूल द्यायची वेळ येऊ शकते.

तात्यांच्या बुबुळावर आता ज्वारीच्या दाण्याहून बारीक पांढरा ठिपका आहे. कॉर्नियाचे धागे मुळात एका ओळीत असतात म्हणून ती पारदर्शक, जखम भरताना ते आडवेतिडवे विणले जातात आणि उजेड तिथं विखुरतो. दिवसा त्यांना काही जाणवत नाही, रात्री समोरून ट्रॅक्टर आला की मात्र लाइट फाकतो म्हणतात, म्हणून रात्रीची मोटारसायकल भाऊच चालवतो.